फर्थबाईंचं तांबडं पाणी

एल्सी फर्थ या बाईंनी तीन वर्षं माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला, तेवढा माझ्या दोन्ही मुलांनी मिळूनही दिलेला नाही. दोन महिने शांततेत गेले, आता तरी बाई थकल्या असतील असं मनात आलं, की टेबलावर निळसर पाकीट येऊन पडलेलंच. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही, आणि मजकूर कायम तोच. 'श्री. क्रॅबट्री, आज सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या नळाला तांबडं पाणी आलं. यावर आपण काय करणार आहात?' खाली सही, आणि पत्ता: ११, मिल लेन, स्कारबेक. एखादी शिवी तरी द्यावी माणसाने. शिवी दिली की उत्तर द्यायला सोपं जातं.

मी नेव्हिल क्रॅबट्री. आमच्या खोऱ्यातल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मॉडेल सांभाळतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे माझी सासू दर नाताळला विचारते आणि उत्तर संपायच्या आत दुसऱ्याशी बोलायला लागते. जमिनीखाली जेवढे पाइप आहेत तेवढे सगळे कॉम्प्युटरमध्ये रेघांनी काढायचे. कुठला किती जाड, किती जुना, कुठे व्हॉल्व्ह, कुठे टाकी, कुठल्या गल्लीत किती घरं. मग कॉम्प्युटर हिशोब करून सांगतो की पाणी कुठून कुठे जातं, किती दाबाने जातं आणि टाकीतून निघून नळाला येईपर्यंत किती तास पाइपात राहतं. या तासांवर सगळं असतं. पाणी वाहतं राहिलं तर स्वच्छ. तेच रेंगाळलं की जुन्या बिडाच्या पाइपातला गंज त्यात उतरतो, तळाला गाळ बसतो, आणि एखाद्या दिवशी जोराचा ओघ आला की तो गाळ उठून कुणाच्या तरी चहात जातो.

माझ्या मॉडेलप्रमाणे मिल लेनचं पाणी सहा तासांचं होतं. वरच्या टाकीवरून आठ इंची लाइनने उतरायचं, मिल लेनच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह ओलांडायचं आणि गल्लीत शिरायचं. पूर्ण स्कारबेकमध्ये त्याहून ताजं पाणी कुणाला मिळत नव्हतं. आणि नेमकं तिथूनच पत्र.

नमुने घेणारा आमचा माणूस दर महिन्याला मिल लेनला जायचा. गुरुवारी, दुपारी दोन वाजता. पाणी स्वच्छ. फर्थबाईंनी लिहिलं, सोमवारी सकाळी सात वाजता या. मी उत्तर दिलं, नमुना विभाग नऊला उघडतो. त्यांनी लिहिलं, मग तुम्ही नऊला उठता असं समजायचं का. मी ऑफिसची छापील भाषा वापरली. 'पाण्याची गुणवत्ता ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे. किंचित रंगछटा जाणवत असल्यास आपल्या घरातला जुना पाइप तपासून घ्यावा.' महिन्याभरात पुन्हा पत्र. 'पाइप बदलला. त्यासाठी स्वयंपाकघराची फरशी उकरली. पाणी तांबडंच आहे. आणि रंगछटा पडद्यांना असते, श्री. क्रॅबट्री.'

हे पत्र माझे साहेब टॅटरसॉल यांनी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि ऑफिस हसलं. मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

बाईंची तक्रार एवढी टोकाची का, हे कळायला स्कारबेकचं क्रिकेट माहीत पाहिजे. फर्थबाई तेव्हा बासष्ट वर्षांच्या. नवरा वॉल्टर गिरणीतल्या रंगखात्यात बॉयलरवर होता, तो वारून नऊ वर्षं झालेली. मूलबाळ नाही. एकतीस वर्षं त्या स्कारबेक क्लबच्या पहिल्या संघाचे पांढरे कपडे धूत होत्या, गावाच्या रिवाजाप्रमाणे दर सोमवारी. अकरा शर्ट, अकरा पँट, दोन पंचांचे कोट आणि चहाच्या टेबलांवरच्या चादरी. शनिवारी दुपारी पॅव्हेलियनच्या दारात त्या टोपली घेऊन उभ्या राहायच्या आणि खेळाडू रांगेने यायचे. कॅप्टन पहिला. ज्याचे हात मळलेले असतील त्याला, मग तो कितीही मोठा बॅट्समन असो, नळावर परत पाठवायच्या. वीस वर्षांच्या पोरापासून गिरणीच्या मॅनेजरपर्यंत सगळे मुकाट्याने हात धुऊन यायचे. त्या गावात फर्थबाईंना जो मान होता तो त्या टोपलीमुळे होता.

आणि मी होमरॉइडचा. स्कारबेकपासून चार मैल खाली. या दोन गावांचं एकमेकांशी कसं आहे ते सांगत बसत नाही. होमरॉइडला पाऊस आला तर स्कारबेकवाले तो आमचाच होता म्हणतात, एवढं पुरे.

त्र्याण्णव सालच्या जुलैमध्ये अठरावं पत्र आलं. यात 'यावर आपण काय करणार आहात' हे नव्हतंच, तेव्हाच मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. लिहिलं होतं, की कपडे पिवळट पडतात म्हणून क्लबच्या कमिटीपुढे ठराव आला आहे. येत्या गुरुवारी मतदान. ठराव झाला तर कपडे यापुढे होमरॉइडच्या वाफेच्या लाँड्रीत जातील. 'मी कपडे कसे धुते ते तुम्ही येऊन बघावं. सोमवारी सकाळी सात वाजता. बूट दारात काढावे लागतील.'

मी गेलो. दया आली म्हणून नाही, वैताग आला म्हणून. एकदा समोरासमोर बसून मॉडेलचा नकाशा दाखवायचा, पाणी सहा तासांचं कसं आहे ते बोट ठेवून समजवायचं आणि हे पत्रांचं झेंगट कायमचं मिटवायचं, असा बेत होता. नकाशाची गुंडाळी बगलेत मारून मी पावणेसातला दार वाजवलं.

बाई बुटक्या, खांद्याने रुंद, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मी बूट काढले. मोज्याला भोक होतं. त्यांनी तेही बघितलं. स्वयंपाकघरात जमिनीवर नवीन लिनोलियम, आणि सिंकशेजारी शनिवारच्या कपड्यांचा ढीग. मी नकाशा उलगडणार तोच त्यांनी हाताने थांब अशी खूण केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सातला पाच कमी होते. त्यांनी नळ सोडला. स्वच्छ, काचेसारखं पाणी. मला बरं वाटलं.

सात वाजले. गिरणीचा भोंगा झाला. तीन-चार मिनिटांत नळाची धार बारीक झाली, पाण्यात एक पिवळट धागा दिसला, आणि मग रंग चढत चढत गेला. कडक चहासारखं तांबडं. बाई नळाकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"आता हे काय आहे, ते मला सांगा," त्या म्हणाल्या. "मर्यादेत आहे का?"

तरी माझा हेका सुटेना. एखाद्या सोमवारी असं होऊ शकतं, म्हटलं. कुठे अग्निशमनवाल्यांनी पाणी घेतलं असेल. त्यावर बाईंनी मला मोज्यांवरच मागच्या कोळशाच्या खोलीत नेलं. फळ्यांवर दुधाच्या बाटल्या, ओळीने, प्रत्येकीला बूच आणि चिठ्ठी. दर सोमवारी सात वाजून पाच मिनिटांनी भरलेली एक बाटली. तीन वर्षांच्या. दीडशेच्या वर असतील. तळाला कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ. माझ्या ऑफिसने तीन वर्षांत या गल्लीतून छत्तीस नमुने घेतले होते, सगळे गुरुवारी दुपारी. सगळी नाटकं करून आम्ही पाणी समजून घेत होतो आणि इकडे एक बाई दुधाच्या बाटल्यांत ते आमच्या चौपट मोजत होती. मला स्वतःचा इतका राग आला की मी त्यांच्यावरच खेकसलो, म्हटलं, एवढं आहे तर पत्रात का नाही लिहिलं?

"सहाव्या पत्रात लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि नवव्या."

ओळीत मध्येच एक बाटली स्वच्छ दिसली. पुढे आणखी एक. तिसरी. चिठ्ठ्या वाचल्या: तिन्ही ऑगस्टमधल्या, तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या. मी विचारलं, या आठवड्यात काय झालं होतं?

"गिरणीची सुट्टी. सगळं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर असतं."

"तुम्ही नाही जात?"

"कपडे कोण धुणार?"

मी तिथे उभा राहिलो, थंड फरशीवर, आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. गिरणी बंद, तर पाणी स्वच्छ. सोमवारी सात वाजता गिरणीत रंगाची पिंपं भरतात, तर पाणी तांबडं. म्हणजे गिरणीने पाणी ओढलं की ते मिल लेनमधून ओढलं जात होतं. पण माझ्या मॉडेलमध्ये गिरणीला माथ्यावरच्या व्हॉल्व्हमधून आठ इंची लाइनने थेट पाणी जात होतं. मिल लेनशी तिचा संबंधच नव्हता. मिल लेनचं पाणी गिरणीकडे पळायचं असेल तर एकच कारण होतं. माथ्यावरचा व्हॉल्व्ह बंद होता. वरून येणारी वाट बंद, म्हणून सगळं पाणी गावाला वळसा घालून, खालच्या बारीक पाइपांतून, सावकाश गल्लीत येत होतं, आठवडाभर गाळ टाकत होतं, आणि सोमवारी गिरणी तो ढवळून काढत होती.

आणि हे मला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. तेव्हा गल्लीत दाब मोजायचं यंत्र बसवलं होतं आणि सोमवारी सकाळचा दाब मॉडेलपेक्षा कितीतरी कमी भरला होता. मी काय केलं? यंत्र बिघडलंय म्हटलं. दुसरं बसवलं, तेही तसंच. मग मॉडेलमध्ये त्या पाइपाचा खडबडीतपणा वाढवला. आत गंजाचे थर आहेत असं समजून आकडा वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि एकदाचा दाब जुळला. तो आकडा खरा असता तर त्या पाइपातून उंदीरही गेला नसता. पण रेघ रेघेवर बसली होती, टॅटरसॉल साहेबांनी शाबासकी दिली होती, आणि मी घरी जाऊन पाय पसरून टीव्ही बघितला होता. या धंद्यातल्या माणसाला याहून जास्त अक्कल गहाण टाकता येणार नाही.

मंगळवारी मी सिरिल लंबला घेऊन मिल लेनच्या माथ्यावर गेलो. सिरिल हा स्कारबेकचा चावीवाला. चाळीस वर्षं रस्त्यातल्या झाकणांखाली ती लांब लोखंडी चावी घालून व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. वर्षभरात निवृत्त होणार आणि त्याची घाई त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसायची, म्हणजे कुठल्याच हालचालीत घाई नसायची. झाकण काढलं, चावी बसवली. मी म्हटलं, उघडा आहे का बघ. त्याने उजवीकडे जोर लावला आणि चावी सहज फिरली.

मी ओरडलो, अरे, बंद करू नकोस.

सिरिल थांबला. माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "उघडतोय, पोरा. बंद होता हा. घट्ट बंद."

"उजवीकडे फिरवलंस ना?"

"मग? स्कारबेकचे व्हॉल्व्ह डावीकडे बंद होतात. जुन्या नगरपालिकेने तसेच घेतले. माझ्या बापाच्या वेळचे आहेत."

जगभर, निदान माझ्या जगभर, उजवीकडे बंद आणि डावीकडे उघडं. होमरॉइडमध्ये तसंच. दोन्ही गावांचं पाणी एकाच ऑफिसाखाली येऊन वीस वर्षं होत आली होती आणि व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतात हे एकाही कागदावर नव्हतं. मी सिरिलला विचारलं, हे कधी बोलला का नाहीस?

"कुणी विचारलं नाही."

चाळीस वर्षं. कुणी विचारलं नाही. मी रस्त्याच्या कडेला बसलो. त्याने चावी परत डावीकडे फिरवली, कारण एकदम उघडला असता तर पाण्याची दिशा उलटली असती आणि गावभराचा गाळ एका वेळी सुटला असता. असं काम आधी हायड्रंट, म्हणजे रस्त्यातले आगबंबाचे नळ, सोडून पाइप धुवायचे, मग रोज थोडं थोडं उघडायचं, असं आठवडाभर चालतं. तोवर मिल लेनला तांबड्याहून तांबडं पाणी येणार होतं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसच्या जिन्याखालच्या कपाटातले जुने कामाचे कागद काढले. हा व्हॉल्व्ह शेवटचा कुणी फिरवला, त्या माणसाला मला धरायचं होतं. मनात मी त्याची चांगली खरडपट्टी काढून ठेवली होती. नव्वद सालच्या मार्चमध्ये मिल लेनला लाइन फुटली होती. स्कारबेकच्या माणसांनी दिवसा सगळे व्हॉल्व्ह बंद करून पाइप बसवला, आणि संध्याकाळच्या पाळीला होमरॉइडची टोळी पाणी चालू करायला आली. कागदावर सहा व्हॉल्व्हची यादी. पाच उघडले. ते पाचही कधीतरी जुने काढून नवीन बसवले होते, आमच्यासारखेच उजवे. सहाव्यापुढे लिहिलं होतं: 'डावीकडे फिरवून पाहिला, फिरत नाही. आधीपासून उघडा.' शेजारी आद्याक्षरं. एन. सी.

मीच. ऑफिसात यायच्या आधी मी सात वर्षं होमरॉइडच्या टोळीत होतो. त्या संध्याकाळचं मला काहीही आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. पाऊस असेल, भूक लागली असेल. अक्षर मात्र माझंच. डावीकडे फिरवला, फिरला नाही, म्हणजे उघडाच असणार, आणि खूण केली. त्याच खुणेवरून सहा महिन्यांनी मी मॉडेलमध्ये तो व्हॉल्व्ह उघडा भरला. तीन वर्षं मी त्या बाईंना माझ्याच चुकीच्या भरवशावर मर्यादा शिकवत होतो. मला तेव्हा शरम वाटली, आणि शरमेहूनही जास्त, संताप आला. कुणावर काढणार?

टॅटरसॉल साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, छान, सापडला ना, आता गुपचूप उघडा. बाईंना नेहमीसारखं पत्र: जाळ्यात सुधारणा करण्यात येत आहेत. चूक हा शब्द नको, कारण तो एकदा लिहिला की खोऱ्यातली प्रत्येक बाई पडदे घेऊन येईल. मी म्हटलं, उद्या त्यांचं मतदान आहे. साहेब म्हणाले, कसलं? मी सांगितलं. ते म्हणाले, नेव्हिल, आपण पाणी देतो, कपडे धूत नाही.

मी नोकरीला घाबरणारा माणूस आहे. हप्ते आहेत, दोन मुलं आहेत. त्यामुळे तो दिवस मी काहीही केलं नाही, टेबलाशी बसून पेन्सिलींना टोकं काढली. मात्र संध्याकाळी घरी न जाता स्कारबेकला गेलो. बूट दारात काढले आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, डावं-उजवं, यादी, आद्याक्षरं.

फर्थबाई इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. मी म्हटलं, वाटेल ते बोला मला.

"बोलून काय होणार?" त्या म्हणाल्या. "सतरा पत्रं आहेत माझ्याकडे तुमची. एकातही पाणी तांबडं आहे असं नाही. तेवढं लिहून द्या. छापील नको."

त्यांनी त्यांचाच निळसर कागद माझ्यापुढे सरकवला. मी बसलो. पहिला मसुदा लिहिला त्यात 'रंगछटा' आलंच, हाताला वळणच पडलेलं. त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि नवीन कागद दिला. दुसऱ्यात 'गैरसोय' आलं. तिसरा कागद.

गुरुवारी सात वाजता पॅव्हेलियनमध्ये कमिटी बसली. बारा पुरुष, अध्यक्ष ॲम्ब्लर, कसाई, गळ्यात क्लबचा टाय. बायका कमिटीत नसतात. त्या चहाच्या खिडकीच्या पलीकडे कप विसळत असतात आणि सगळं ऐकतात. मी दारापाशी उभा. ॲम्ब्लरने ठराव वाचला आणि वर म्हणाला, की एल्सीने एकतीस वर्षं केलं, त्याची सगळ्यांना जाण आहे, पण वय झालं की होतं असं. येत्या शनिवारी कपची फायनल आहे, होमरॉइडशी, आणि हा संघ पिवळ्या कपड्यांत उतरलेला त्याला बघवणार नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा चहाच्या खिडकीची फळी वर गेली. फर्थबाईंनी चष्मा लावला, ओला हात ॲप्रनला पुसला आणि वाचायला लागल्या.

"'मिसेस फर्थ, मार्च नव्वदपासून तुमच्या नळाला तांबडं पाणी येत आहे. चूक तुमच्या घरातल्या पाइपाची नव्हती. मिल लेनच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह बंद असताना मी तो उघडा लिहिला. तुम्ही सतरा वेळा खरं लिहिलंत आणि मी सतरा वेळा खोटं. नेव्हिल क्रॅबट्री.'"

ॲम्ब्लर माझ्याकडे वळला. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं.

"क्रॅबट्री. होमरॉइडचे क्रॅबट्री का तुम्ही?"

मी हो म्हटलं.

"म्हणजे तीन वर्षं एक होमरॉइडवाला आमचे कपडे मळवत होता," ॲम्ब्लर सावकाश म्हणाला, "आणि आम्ही ते धुवायला होमरॉइडलाच पाठवणार होतो."

मग जो गोंधळ झाला त्यात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. ठराव मागे घेतला गेला, म्हणजे कुणी मागे घेतला असं म्हणालं नाही, ॲम्ब्लरने तो कागद चुरगाळून खिशात घातला. गोष्ट एकच अडली. परवा फायनल, मिल लेनचा नळ आठवडाभर वापरायचा नाही, आणि कपडे पिवळेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फर्थबाईंनी कपड्यांची टोपली खिडकीवर ठेवली.

"तुमच्या घरी पाणी कसं येतं?" त्यांनी मला विचारलं.

अशा रीतीने शुक्रवारी सकाळी मी कामावर आजारी असल्याचं कळवलं आणि फर्थबाईंना माझ्या गाडीतून होमरॉइडला आणलं. मांडीवर अकरा जणांचे कपडे. माझ्या बायकोने दार उघडलं, टोपली बघितली आणि सरळ तिच्या आईकडे निघून गेली. बाईंनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. गंजाच्या डागावर ब्लीच घातलं की डाग आणखी पक्का बसतो, हे मला त्या दिवशी कळलं; त्यांनी लिंबाचं सत्त्व गरम पाण्यात विरघळवून प्रत्येक शिवण वेगळी चोळली. मला त्यांनी पिळायला बसवलं, आणि माझं पिळणं बघून उठवलं. दुपारपर्यंत माझ्या मागच्या अंगणातल्या दोरीवर स्कारबेकचे सात शर्ट वाळत होते, पांढरेशुभ्र, आणि शेजारचा रॉय, जो होमरॉइडचा पहिला बॉलर आहे, कुंपणापाशी हाताची घडी घालून मला खाऊ की गिळू असा बघत होता.

मी चहा घेऊन बाहेर आलो तर फर्थबाई पायरीवर बसलेल्या. दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवलेले, तळवे वर. लाल, सुरकुतलेले, लिंबाने भेगा पडलेले. त्या हातांकडे बघत होत्या. मला वाटलं झोंबतंय, म्हणून मलम आणू का विचारलं.

"तुम्हाला पत्रं लिहायचे ना मी," त्या म्हणाल्या, "तेव्हाही मनातून वाटायचं, पाणी नसेलच. माझे हातच गेले असतील. वॉल्टर गेला, डोळे जातायत, आता हातही गेले. तुम्ही सतरा वेळा लिहिलंत मर्यादेत आहे म्हणून. एवढं शिकलेलं माणूस सतरा वेळा चुकत नाही, असं वाटायचं. दर सोमवारी बाटली भरताना वाटायचं."

माझ्या हातातला चहा मी त्यांच्या शेजारी पायरीवर ठेवला. तीन वर्षं ही बाई मला हट्टी वाटत होती. हात ठीक आहेत, एवढंच म्हणालो.

"आता दिसतंय मला ते, बाळा," त्या म्हणाल्या. चहा अर्धा प्यायल्या, दूध कमी आहे असं सांगितलं, आणि राहिलेले चार शर्ट धुवायला आत गेल्या.